लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं राज्य

अण्णांच्या शर्टाच्या वरच्या खिशात कायम एक दार असायचं. जाड कार्डाचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर काळ्या शाईनं काढलेल्या दोन फळ्या, एक कडी, बाकी काही नाही. प्रेसमध्ये गिऱ्हाईक आलं आणि काही लिहून घ्यायचं झालं, की अण्णा खिशात हात घालायचे आणि पेनाच्या आधी दार बाहेर यायचं. गिऱ्हाईक त्या दाराकडे बघायचं, मग अण्णांकडे बघायचं. अण्णा दार परत खिशात ठेवायचे आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारायचे, "मुलीकडचं नाव आधी सांगा."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांची छोटी प्रेस होती. पुढं दुकान, मागं छपाईचं यंत्र, त्याच्या मागं अण्णांचं घर, आणि माडीवर भाड्याची एक खोली. त्या खोलीत मी आणि माझा मित्र सुनील राहायचो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी मुरगूडहून इंजिनिअरिंग शिकायला आलो होतो. माझे वडील, म्हणजे आबा, गावच्या दूध संस्थेत दूध मापायला होते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी पदवी घेणार हे आबांनी संस्थेत दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

पण मला तोंड उघडता येत नव्हतं. लिहायला सांगितलं तर मी पानं भरायचो, पण समोर माणूस बसला की माझा घसा बंद व्हायचा. दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी साधा प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत उभा राहिलो आणि तसाच बाहेर आलो. तो विषय राहिला. पुन्हा तसंच झालं असतं तर पदवी हातची गेली असती, आणि हे मी आबांना सांगू शकत नव्हतो. आबांशी तरी मी कुठं बोलायचो? "जेवलास?" "हां." "पैसं हायत?" "हायत." एवढंच.

अण्णा तेव्हा तिशीत असतील. घर लिंगायत, आईशी कानडीत बोलायचं आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. त्यांचा बंगळूरचा आतेभाऊ परदेशातून एक खेळ घेऊन आला होता. त्याला तो खेळायला सवड नव्हती म्हणून त्यानं तो अण्णांना दिला. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, थैलीभर चित्रविचित्र फासे, त्यातला एक तर वीस तोंडांचा, आणि नकाशाचे थोडेसे छापील तुकडे. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. आपला माणूस काय करतो ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. आपण जसजसं पुढं जाऊ तसतसे नकाशाचे तुकडे टेबलावर जोडत जायचे. भुयार, खोली, पूल, पुन्हा भुयार.

आलेल्या तुकड्यांवर अण्णांचं भागेना. त्यांना अख्खं राज्य हवं होतं. आणि छापखाना घरचा.

प्रेसमध्ये पत्रिका खराब व्हायच्याच. कधी गणपतीचा लाल रंग रेषेबाहेर सरकायचा, कधी शाई फुटायची. त्या खराब पत्रिका अण्णा कापायच्या यंत्राखाली धरायचे. आधी वरची गणपतीची पट्टी वेगळी काढायचे. देवावर पातं चालवायचं नाही, ती पट्टी पिशवीत जमा करून पंचगंगेत सोडायची. मग राहिलेल्या कार्डाचा मधला चौकोन कापायचे. त्याची पाठ कोरी असायची. त्या पाठीवर अण्णा पट्टीनं फरशा आखायचे, भिंती काढायचे, निळ्या शाईनं पाणी भरायचे. वाट मात्र प्रत्येक तुकड्यात कडेच्या बरोबर मधोमध. त्यात ते केसभरही फरक करू देत नसत. त्यामुळं कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला, कसाही फिरवून, जोडता यायचा. गेल्या रविवारचा राजवाडा ह्या रविवारी चोरांची गुहा व्हायचा. "तुकडे त्येच, गाव येगळं," अण्णा म्हणायचे. "कोल्लापुरात तरी दुसरं काय चाललंय?"

तुकडा उलटा केला की मागं कुणाचं तरी लग्न असायचं. त्यामुळं आमच्या राज्यातल्या जागांना नावं शोधावी लागली नाहीत. सुनील फासे खुळखुळवत म्हणायचा, "आता आपण चि. सौ. कां. वैशालीच्या पुलावर उभं हाय. पूल हलतोय. नवऱ्याकडची माणसं जड असणार." एका विहिरीच्या मागं 'आहेर आणू नये' असं छापलेलं होतं. त्या विहिरीत कधीच काही सापडलं नाही.

रविवारी प्रेस बंद असायची. दुपारी दुकानातल्या कागद ठेवायच्या टेबलावर मी, सुनील आणि बोळातली दोन-तीन पोरं असा आमचा डाव बसायचा. अण्णांचे वडील, अप्पा, दारातून जाता-येता म्हणायचे, "घोडं झाल्यात तरी पोरखेळ सुटंना." अण्णांच्या आईला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. ती चुरमुऱ्यांचं ताट ठेवताना डावाकडं बघत बसायची. एकदा तिनं विचारलं, "दुपारधरनं चालल्यात ह्यी माणसं. त्या भुयारात खायला काय हाय का न्हाय?" आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. पुढच्या रविवारी भुयाराच्या तिसऱ्या वळणावर एक नवा तुकडा आला. चूल, पाट, कोपऱ्यात भाकरीची दुरडी. "इथं जेवून मगच म्होरं जायचं," अण्णांनी सांगितलं. तेव्हापासून आमचे योद्धे आणि जादूगार त्या खोलीत थांबून जेवायचे, आणि अव्वा बाहेरून ओरडायची, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झालं का. झालं म्हटल्याशिवाय डाव पुढं सरकायचा नाही.

पण अण्णांचा खरा नियम वेगळाच होता. पुढचा तुकडा ते आधी मांडायचे नाहीत. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, अण्णांच्या टेबलावर आधी आपण सांगायचं, मोठ्यानं, की मी डावीकडं जातो, मी वाकून बघतो, मी उडी मारतो. मग ते गठ्ठ्यातून तुकडा काढून पायाखाली सरकवायचे. "आधी पाऊल सांग, मग जमीन मिळंल," हे त्यांचं वाक्य. आणि सगळ्या वाटा बंद झाल्या तर खिशातलं दार. ते ज्यानं मागितलं त्यालाच मिळायचं. तेही मोठ्यानं मागायचं आणि त्या दाराचं काय करणार हे सांगायचं.

मी ह्या खेळात मुका साधू झालो होतो. मला वाटलं होतं, ही युक्ती छान आहे. मौनव्रत घेतलेला माणूस, त्याला बोलायला कोण लावणार? अण्णांनी ते मान्यही केलं. पहिल्याच दिवशी भुयाराच्या तोंडाशी ते माझ्याकडं बघत थांबले.

"साधू मुका हाय," सुनील म्हणाला.

"साधू हाय की मुका. मी मुरगूडला इचारतूय." मला ते गावाच्या नावानंच हाक मारायचे. "बोल मुरगूड, पाय कुठं टाकतोस?"

मी बोटानं उजवी बाजू दाखवली.

"बोटाला जमीन मिळत न्हाय."

मग मी कसंबसं "उजवीकडं" म्हणायचो. वर्षभर माझी मजल तेवढ्यावरच थांबली. डावीकडं, उजवीकडं, थांबतो. खिशातलं दार सुनीलनं कितीदा मागितलं असेल. मी एकदाही नाही. अण्णांनी त्याबद्दल मला कधी टोकलं नाही, आणि माझ्या वाट्याचं पाऊल दुसऱ्या कुणाला सांगूही दिलं नाही. माझी पाळी आली की सगळं टेबल थांबायचं. तुकडा हातात धरून ते वाट बघायचे, जणू त्यांना दुसरं काही कामच नाही.

मग ती अमावास्या आली. अप्पांची एक रीत होती. तयार पत्रिकांचा गठ्ठा ते गणपती वर करून ठेवायचे आणि वरच्या पत्रिकेला हळद-कुंकू लावायचे. खराब गठ्ठा मात्र पालथा. अमावास्येला ते तयार गठ्ठ्यालाही कुंकू लावायचे नाहीत, आणि देवाचं तोंड उघडं ठेवायचं नाही म्हणून तोही पालथाच ठेवायचे. ती अमावास्या रविवारी आली. टेबलाखाली दोन गठ्ठे पालथे पडले होते. अण्णांनी त्यातला एक उचलला, पालथाच यंत्राखाली धरला, गणपतीच्या पट्ट्या न बघता पिशवीत टाकल्या आणि आम्ही आनंदानं संध्याकाळपर्यंत नव्या किल्ल्याची तळघरं आखली.

सोमवारी सकाळी अप्पा हळद-कुंकवाची वाटी घेऊन खाली आले. त्यांचा आवाज माडीवर आम्हाला ऐकू आला. आम्ही धावत खाली गेलो तेव्हा पिशवीतल्या पट्ट्या टेबलावर ओतलेल्या होत्या. प्रत्येक गणपतीचा लाल रंग जिथल्या तिथं बसला होता.

"चांगल्या पत्रिका कापल्यास," अप्पा म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "लग्नाचं काम हाय ह्ये. आत्ता पावणं येतील. रिकाम्या हातानं परत गेलं तर पंचक्रोशीत कोण आपल्याकडं पत्रिका टाकंल? ह्यो सगळा पसारा मी बंबात घालणार हाय, सांगून ठेवतो."

बंब म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा. जुळवलेले खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, अजून सोडलेले नव्हते, तेवढं एक नशीब. अण्णांनी सुनीलला आणखी कार्ड आणायला कागदवाल्याकडं पिटाळलं, अप्पा शाई लावायला बसले, आणि उरलेल्या कार्डांवर अण्णांनी यंत्र सुरू केलं. पुढं दुकानात राहिलो मी एकटा. आणि तेवढ्यात पावणं आलं.

नवरीचा चुलता. काखेत छत्री, पायात करकरणाऱ्या वहाणा, आवाज बोळाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा. "काय पावणं, पत्रिका तयार हायत न्हवं? कागलची गाडी गाठायची हाय."

मी काऊंटरकडं बघत उभा राहिलो. आतून यंत्राच्या खडखडाटातून अण्णांचा आवाज आला, "मुरगूड, आधी पाऊल सांग!"

"तयार होत्या," मी म्हणालो. "काल आम्ही चुकून कापल्या."

"कापल्या? पत्रिका हाय का कोंबडं?"

"दुसऱ्या छापायला घेतल्यात. दुपारपर्यंत मिळतील. तुम्हाला थांबावं लागंल."

मग चुलता जे बोलला ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लगीन तुमच्या सोयीनं हाय का, गावात वाटायला चार पोरं दारात बसवून आलोय, असलं धंद्याचं वळण कुठं बघितलं न्हाय. बोलता बोलता त्यानं टेबलावरचा एक तुकडा उचलला आणि उलटा केला. मागं त्याच्या पुतणीचं नाव होतं. त्यानं दुसरा तुकडा उलटला, तिसरा उलटला.

"नवरा-नवरीची नावं तुटली न्हाईत न्हवं?"

"न्हाय. अण्णा मधला चौकोन कापतात. दोन्ही नावं जोडीनं हायत. सगळ्यांवर."

त्यानं आणखी दोन उलटून खात्री केली, मग खुर्चीत बसला. तुकडा पुन्हा सुलटा करून त्यानं विचारलं, "आन् पोरीच्या पाठीवर ह्यो कोंडवाडा कुणाचा काढलाय?"

"कोंडवाडा न्हाय. किल्ल्याचं तळघर हाय."

"आत काय हाय?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो खरंच विचारत होता. मी त्याच्या हातातला तुकडा घेऊन टेबलाच्या मधोमध ठेवला. "तुम्ही ह्या पायरीवर उभं हाय," मी म्हणालो. "तुमच्या हातात काय हाय?"

"माझ्या? छत्री."

"बरं, छत्री. कुठं जाता?"

"सरळ. वाकडं जायला काय झालंय?"

मी तुकडा मांडला. अण्णांच्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो, पण मांडत गेलो आणि सांगत गेलो. ओल्या भिंती, कुबट वास, लांबून येणारं घोरणं. चुलता पुढं सरकून बसला. तिसऱ्या तुकड्यावर वाट अडवून राक्षस झोपला होता.

"झोपलाय न्हवं? मग झोपू दे की. आपलं काय घेतलंय त्यानं?"

"पण वाट त्याच्या अंगावरनं जाती."

चुलत्यानं जरा विचार केला आणि राक्षसाला हाक मारली, "ओ पावणं, जरा सरकून घ्या!"

वर्षभर आम्ही त्या राक्षसांवर तलवारी चालवल्या होत्या. सरकायला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या हातात वीस तोंडांचा फासा दिला. त्यानं तो टाकला. वीस. मी म्हणालो, राक्षस डोळे न उघडता कुशीवर वळला आणि भिंतीला लागून झोपला. चुलता टेबलावर थाप मारून हसला. ते ऐकून अव्वा चहा घेऊन आली आणि तिनं त्याला त्या तळघरात जेवणाची खोली कुठं आहे ते दाखवलं. तो आज्ञाधारकपणे तिथं थांबून जेवला.

दुपारी आम्ही अडकलो. डावीकडं भिंत, उजवीकडं पाणी, मागं वाट ढासळलेली. चुलता छत्री टेकून हिरमुसला होऊन बसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यंत्राचा आवाज थांबलेला आहे. अण्णा मधल्या दारात उभे होते. कोपरापर्यंत लाल शाई, हातात नव्या पत्रिकांचा गठ्ठा. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. पत्रिका तयार आहेत असं ते म्हणाले नाहीत. ते माझ्या पाळीला जसे थांबायचे तसे थांबले होते.

मी हात पुढं केला. "अण्णा, दार द्या." आणि पुढचंही मीच सांगितलं, "हे दार पाण्याकडच्या भिंतीत बसवतो. पलीकडं पायऱ्या हायत. पावणं उजेडात बाहेर पडतात."

अण्णांनी दोन बोटांनी दार काढून माझ्या हातात ठेवलं. त्यावर लाल अंगठा उमटला तो उमटलाच, आणि डाव संपल्यावर ते तसंच त्यांच्या खिशात परत गेलं.

चुलत्यानं गठ्ठा काखेत मारला, छत्री दुसऱ्या काखेत. जाताना अप्पांना म्हणाला, "पोरगं बोलतंय झ्याक. तुमचं का?" अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "माडीवरचं हाय," ते म्हणाले. बंबाचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी खराब गठ्ठ्यांसाठी त्यांनी वेगळं फडताळ रिकामं करून दिलं. पोरखेळ म्हणणं मात्र सोडलं नाही.

राहिलेल्या विषयाची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. सरांनी विचारलं तेव्हा मी पुन्हा टेबलावरच्या काचेकडं बघायला लागलो. मग मी पहिलं वाक्य, जसं येईल तसं, मोठ्यानं टाकलं. दुसरं त्याच्या मागं आलं. फार चांगलं बोललो असं नाही, पण पास झालो. पदवीच्या निकालाच्या दिवशी आबांनी दूध संस्थेत पेढे वाटले, आणि मी अण्णांच्या पाया पडायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "माझ्या काय पडतोस? राक्षसाला सरकवलं त्या पावण्याच्या पड."

नोकऱ्या लागल्या, सुनील आणि मी पुण्याला गेलो. राज्य अर्धं राहिलं. निघताना सुनील हळहळला, तेव्हा अण्णा सगळे तुकडे मिठाईच्या खोक्यात लावत होते. "ऱ्हाऊ दे अर्धं," ते म्हणाले. "कुठं नासतंय?" पुढं काही वर्षांनी मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम मिळालं आणि मी मुरगूडला घरी राहायला आलो. नव्यानं भरती झालेल्या मुलांना यंत्रांची माहिती देण्याचं काम माझ्याकडं आहे. दिवसभर बोलतो. एखादं पोर खाली मान घालून उभं राहिलं तर मी त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणाला उत्तर देऊ देत नाही. थांबतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कुठं छापायच्या हा प्रश्नच नव्हता. प्रेसमध्ये आता संगणक आला होता, खिळे गेले होते. अप्पांच्या फोटोला हार होता. अव्वानं आतूनच विचारलं, "ऊटा आतेनु?" अण्णांनी मजकूर लिहून घेण्यासाठी खिशात हात घातला आणि पेन सरळ बाहेर आलं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते तेव्हा उमगलं नाही.

आठवड्यानं गठ्ठा घेऊन घरी आलो. आबांनी चष्मा लावला, वरची पत्रिका घेतली, तिच्यावरच्या हळद-कुंकवाचं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. सावकाश सगळी वाचली. मग पत्रिका उलटी केली.

पाठीवर काळ्या शाईत आखलेल्या फरशा होत्या. चारी बाजूंनी भिंती. आणि एका कडेच्या बरोबर मधोमध, कोपरे झिजलेलं, लाल अंगठा उमटलेलं एक जुनं दार चिकटवलेलं होतं.

"ह्येच्यावर काय झालंय?" आबा म्हणाले. "एवढी एक छापताना चुकली जणू."

"चुकली न्हाय, आबा. बरोबर हाय."

आबांनी पत्रिका उजेडाकडं धरली. दारावरनं अंगठा फिरवला. "मग ह्येच्या पलीकडं काय हाय?"

एवढ्या वर्षांत आबांनी मला जेवण आणि पैसे सोडून विचारलेला हा पहिला प्रश्न असेल. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो.

"आधी सांगा," मी म्हणालो, "तुमच्या हातात काय हाय?"

आबा बुचकळ्यात पडले. त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "दुधाचं माप."

"बरं," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.